सांगता न येणारे काम : नांगर ते प्रोजेक्ट

१

यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. पहिल्यांदा १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि दुसऱ्यांदा जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसरे संमेलन नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यामुळे गाजले. त्या वादानंतर उद्घाटनाचा मान जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील स्त्रीला देण्यात आला. या घटनेकडे कसेही पाहिले तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित दिसते. कापूस पिकवणारा माणूस आणि त्याचे घर यांना मराठी साहित्यव्यवहाराने आपल्या आस्थेचा विषय मानले आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'पासून (१९६०) सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'पर्यंत (२००२) वऱ्हाडातील कष्टाची, नापिकीची आणि शिकून रिकाम्या बसलेल्या मुलांची एक सलग नोंद आपल्याकडे आहे.

परंतु याच घरांतून, याच दशकांत, आणखी एक माणूस बाहेर पडला. तो पुसद, यवतमाळ, अमरावती किंवा शेगाव येथे अभियांत्रिकी शिकला, रातराणीने पुण्याला गेला आणि वर्षागणिक दुपटीने वाढणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला. हा माणूस मराठी साहित्यात अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. परदेशातून फोन करणारा मुलगा, आईवडिलांना विसरलेला मुलगा, घराचे हप्ते फेडणारा नवरा अशा रूपांत तो अनेक कथांतून येतो. मात्र या कथांत तो नेहमी कामावरून परतल्यावर किंवा कामावर जाण्यापूर्वी भेटतो. मधल्या दहा-बारा तासांत तो नेमके काय करतो, हे आपल्या साहित्यात फारसे सापडत नाही. निंदण, वखरण, वेचणी यांचे तपशील ज्या साहित्याने इतक्या बारकाईने टिपले, त्याला अभियंत्याचे काम का टिपता आले नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. प्रतिभेची उणीव हे त्याचे सोपे उत्तर झाले. माझ्या मते खरे उत्तर कामाच्या इतिहासात शोधावे लागते.

२

यवतमाळ जिल्ह्याला तंत्रज्ञान नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) ब्रिटिश गिरण्यांना कापसाचा तुटवडा भासू लागला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे त्यांचे लक्ष वळले. पुढच्या काही दशकांत गावोगावी जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तीही मुख्यतः कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. लोकांनी तिला 'शकुंतला' म्हटले. मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, त्यानंतर डिझेल इंजिन आले आणि पुढे गाडीच बंद पडली.

भाषेच्या दृष्टीने या काळाकडे पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. यंत्रे विलायती होती, मालक बहुधा बाहेरचे होते, माल परदेशी जात होता. तरीही या यंत्रांभोवतीचे बोलणे इथल्या भाषेचे झाले. जिन, प्रेस, रेचा, गाठ, सरकी, रुई, फिटर, मिस्त्री, अडत्या ही शब्दसंपत्ती शेतकरी, हमाल आणि दलाल या सर्वांची मिळून होती. त्यातील कित्येक शब्द इंग्रजीतून आले, पण ते ज्याच्या त्याच्या तोंडी रुळले. याचे कारण सरळ आहे. काम डोळ्यांसमोर चालत होते. गाडीतला कापूस जिनमध्ये गेला की सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे होते, हे शेतकऱ्याला दिसत होते. जिनमध्ये राबणाऱ्या स्त्रीला आपण काय करतो हे घरी सांगण्यासाठी वेगळी भाषा शिकावी लागत नव्हती.

३

तंत्रज्ञान आणि मराठी यांचे याहूनही जवळचे नाते जुळले ते किर्लोस्करवाडीला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९ ते १९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावला सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांच्याकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत वसली. तोवर लोखंडाचा फाळ जमिनीत विष कालवतो अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आवक थांबली तेव्हा मागणी वाढली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियंता होऊन परतले आणि पुढे १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा, बंगळूरला विजेच्या यंत्रांचा उद्योग उभा राहिला. त्या काळाच्या मापाने ही झपाट्याने वाढणारी तंत्रज्ञान-कंपनीच होती.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे १९२० हे साल महत्त्वाचे वाटेल. त्या वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याचा माल, त्याची दुरुस्ती, विक्रेत्यांना सूचना असे त्याचे आरंभीचे स्वरूप होते. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला, विवेकवादाला आणि स्त्रीप्रश्नाच्या चर्चेला ज्या नियतकालिकांनी वळण दिले, त्यांचे मूळ एका कारखान्याच्या माहितीपत्रकात आहे, ही गोष्ट आपण वाङ्मयेतिहास शिकवताना ओझरती सांगतो. ती योगायोगाची मात्र नाही. नांगर विकायचा तर तो मराठी शेतकऱ्यालाच विकायचा होता आणि त्यासाठी नांगर म्हणजे काय, तो कसा चालतो, मोडला तर काय करायचे, हे मराठीतच लिहावे लागत होते. बाजाराच्या गरजेने तंत्रज्ञानाला भाषा दिली आणि त्या भाषेने पुढे बाजारापलीकडचे विषय पेलले.

या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. किर्लोस्करवाडी हे मालकाच्या इच्छेवर चालणारे गाव होते. अस्पृश्यता पाळू नये हा तेथील दंडक त्या काळी पुढारलेला होता, तरी तोही वरून आलेला होता. मासिकातून उद्योजकाची कहाणी जितकी ऐकू येते तितकी साच्यात लोखंड ओतणाऱ्याची येत नाही. ती पोकळी दुसऱ्या ठिकाणी भरली गेली. मुंबईच्या गिरण्यांत युनियन होत्या, चाळी होत्या, शाहिरी होती. त्या सामूहिक जीवनातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांचे शब्द आले आणि १९६६ मध्ये नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' आले. म्हणजे कामाला साहित्यात जागा मिळते ती तीन वाटांनी असे म्हणता येईल. कामाचा ग्राहक आपल्या भाषेचा असला, कामाच्या जागेवरचे बोलणे आपल्या भाषेत असले, किंवा काम करणाऱ्यांचे स्वतःचे एखादे व्यासपीठ असले, की काम हळूहळू लिहिले जाते. या तीनपैकी एक वाट मोकळी असली तरी पुरते.

४

आता यवतमाळकडे परत येऊ. १९८३ हे वर्ष विदर्भातील अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासात वळणाचे ठरले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १ मे १९८३ ची. यवतमाळ शहरात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये आले. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री देणाऱ्या पुसदसारख्या, पण रेल्वेपासून दूर राहिलेल्या तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालय निघणे, याचा अर्थ त्या काळी फार मोठा होता. तोपर्यंत सरकारी महाविद्यालयाची गुणवत्ता यादी हाच या मुलांसमोरचा एकमेव दरवाजा होता.

विनाअनुदानित शिक्षणावर झालेली टीका सर्वश्रुत आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. फी कापसाच्या पैशातून भरायची होती आणि त्या कापसाचा पैसा १९७२ पासून सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत हप्त्याहप्त्याने हाती यायचा. अनेक घरांत एका मुलाच्या पदवीसाठी वावराचा तुकडा गेला. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्याच सुमारास पुण्यामुंबईच्या संगणक कंपन्यांत अभियंत्यांची भरती कधी नव्हे एवढ्या वेगाने चालू होती. या दोन घटनांचा इतिहास आपण वेगवेगळ्या पानांवर लिहितो. प्रत्यक्षात त्या कित्येकदा एकाच ओसरीवर, एकाच घरातील दोन भावांच्या आयुष्यात घडत होत्या.

भाषेचा प्रश्न या टप्प्यावर सुरू होतो. तालुक्याच्या शाळेत गणित आणि विज्ञान मराठीतून शिकलेला मुलगा अभियांत्रिकीत सगळे इंग्रजीतून वाचू लागतो. पुसद परिसरातील तांड्यावरच्या बंजारा मुलाच्या बाबतीत तर मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते, कोलाम आणि गोंड मुलांच्या बाबतीतही तेच. घराची एक, शाळेची दुसरी, महाविद्यालयाची तिसरी अशी ही उतरंड आहे. त्यामुळे 'मराठी मुलगा इंग्रजीत गेला' एवढ्या वाक्यात या स्थलांतराचे वर्णन संपत नाही.

५

ही मुले ज्या कंपन्यांत गेली त्यांची वाढ कशी झाली हेही पाहिले पाहिजे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती घडवली. १९७३ मध्ये अंधेरीला 'सीप्झ' हे निर्यातक्षेत्र आले. १९७८ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स निघाली. तेथे काम केलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. तिच्या दहा हजार रुपयांच्या आरंभीच्या भांडवलाची आणि टेलिफोन मिळायला लागलेल्या वर्षाची गोष्ट मूर्तींनी अनेकदा सांगितली आहे. १९८३ मध्ये, म्हणजे पुसदचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, ही कंपनी बंगळूरला गेली. १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट आणि केपीआयटी या कंपन्या निघाल्या. १९९१ च्या उदारीकरणाने आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेने आयात-निर्यातीच्या अडचणी कमी केल्या. मग सन २००० चा प्रश्न आला. जुन्या प्रणालींत वर्ष दोनच अंकांत लिहिले जात असल्याने शतक बदलताना हिशेब चुकण्याची भीती होती. लक्षावधी ओळी तपासून दुरुस्त करायच्या होत्या आणि त्यासाठी माणसे भारतात होती. या कामाने कंपन्यांना परदेशी ग्राहकांची दारे उघडून दिली. इन्फोसिसमध्ये मार्च २००४ मध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे होती. मार्च २००८ मध्ये ती नव्वद हजारांवर गेली. पुण्यात हिंजवडीच्या शेतांवर नवे शहर उभे राहिले ते याच वर्षांत.

अशा वाढत्या कंपनीतले काम म्हणजे काय? बहुतेक नवागतांच्या वाट्याला नवी निर्मिती येत नाही. अमेरिकेतील एखाद्या विमा कंपनीची वीस वर्षांपूर्वी लिहिलेली प्रणाली असते. ती चालू ठेवायची असते. तिच्यात बिघाड झाला की 'तिकीट' येते. ते किती तासांत सोडवायचे हे करारात ठरलेले असते. बिघाड कोठे आहे हे दुसऱ्या कोणी लिहिलेल्या हजारो ओळी वाचून शोधावे लागते. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. वाचन हा या कामाचा मोठा भाग आहे, ही गोष्ट साहित्याच्या शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असल्याने तेथील सकाळी इथे संध्याकाळ सरत असते आणि बैठका रात्री होतात. प्रत्येक तासाचा हिशेब ग्राहकाच्या नावे लागतो. ज्याच्या नावे तास लागत नाहीत तो 'बेंच'वर असतो, म्हणजे पगार मिळतो पण धास्ती सुटत नाही. कंपनी वाढत असल्याने दोन-तीन वर्षांत हाताखाली माणसे येतात आणि पंचविशीतला मुलगा बाविशीतल्या मुलांचे मूल्यमापन करू लागतो. कौशल्य, शीण, स्पर्धा, मैत्री, अन्याय, अचानक सापडलेल्या उत्तराचा निखळ आनंद, असे सारे काही या कामात आहे. कादंबरीला आणखी काय हवे असते?

तरीही ते लिहिले गेले नाही. कारण वर सांगितलेल्या तिन्ही वाटा येथे बंद होत्या. ग्राहक हजारो मैलांवरचा. त्याला नांगराप्रमाणे मराठीत काही समजावून सांगायचे नव्हते. कामाच्या जागेवर तमिळ, बंगाली, तेलुगू, हिंदी बोलणारे सहकारी, म्हणून बोलणे इंग्रजीत. युनियन या क्षेत्रात रुजली नाही. पगार चांगला, माणसे सतत नोकरी बदलणारी आणि प्रत्येक जण आपल्यापुरती वाटाघाट करणारा. चौथे कारण तर याच क्षेत्राच्या स्वभावातले आहे. गोपनीयतेच्या करारामुळे ग्राहकाचे नाव आणि कामाचा तपशील बाहेर सांगता येत नाही. गिरणी कामगार रात्रपाळीची गोष्ट चाळीत सांगू शकत होता. अभियंत्याला ती सांगण्याची कायद्याने मुभा नाही आणि मुभा असती तरी शब्द नाहीत. वडिलांनी 'काय काम असते?' असे विचारले तर 'कॉम्प्युटरवर असते' एवढेच उत्तर येते. पऱ्हाटीवरची बोंडअळी मुलाला समजते, मुलाच्या प्रणालीतला बिघाड वडिलांना समजत नाही. हे एकतर्फी ओळखणे म्हणजे या पिढीच्या घरातला मोठा दुरावा आहे आणि तो पैशाने किंवा अंतराने निर्माण झालेल्या दुराव्याहून वेगळा आहे.

६

यावर काही आक्षेप संभवतात. अच्युत गोडबोले हे पटनीसारख्या कंपन्यांच्या नेतृत्वपदी राहिलेले गृहस्थ विपुल मराठी लिहितात आणि 'मुसाफिर' या आत्मचरित्रात त्यांनी आपला व्यावसायिक प्रवास सांगितला आहे. सुधा मूर्ती पुण्याच्या टेल्कोमध्ये अभियंता म्हणून कशा लागल्या, स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशा जाहिरातीवर त्यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र कसे लिहिले, हे मराठी वाचकाला चांगले माहीत आहे. ही उदाहरणे मोलाची आहेत. पण पहिले लेखन शिखरावरून पाहणाऱ्याचे आहे आणि दुसरे कन्नड-इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेचे, मराठीत अनुवादाने आलेले. तिकिटे सोडवणाऱ्या मधल्या माणसाची नोंद या दोहोंत बसत नाही. किर्लोस्करवाडीबद्दल जे म्हटले तेच येथेही लागू पडते : मालकाचा आणि नेत्याचा आवाज आधी छापला जातो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. मराठी संगणकावर आली ती अभियंत्यांमुळेच. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. 'परम ८०००' हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. तिचे संस्थापक प्रमुख विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे, म्हणजे जेथून यवतमाळची शकुंतला सुटायची त्या परिसरातले, आणि अभियांत्रिकी शिकले ते नागपूरला. याच संस्थेत भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे काम झाले, ज्याचा उपयोग पुढे आपल्यापैकी अनेकांनी प्रबंध टंकित करताना केला. म्हणजे अभियंत्याने आपल्याला लिपी दिली आणि आपण मात्र त्याच लिपीत त्याच्याबद्दल लिहिले नाही. या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट जबाबदारी कोणाची हे अधिक स्पष्ट होते.

ही जबाबदारी आता टाळता येण्याजोगी राहिलेली नाही. पहिल्या पिढीतले अभियंते पन्नाशी ओलांडून गेले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ज्या कामांवर हा उद्योग वाढला त्याच कामांचे भवितव्य अनिश्चित झाले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण गिरणगावचे काम आणि बोली यांचा मोठा ठेवा तोपर्यंत शब्दांत आलेला होता. सॉफ्टवेअरच्या या चाळीस वर्षांचा असा ठेवा आपल्याजवळ नाही. हे काम उद्या वेगळ्या रूपात गेले तर त्याचा मागोवा केवळ कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून घ्यावा लागेल आणि अहवालांत माणसांची संख्या असते, माणसे नसतात.

आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी एम.ए.चे लघुप्रबंध लिहिले जातात. त्यांतील बरेचसे तेच तेच लेखक आणि त्याच त्या प्रवाहांभोवती फिरतात. यवतमाळ, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील घरांतून पुण्याला गेलेल्या अभियंत्यांच्या मुलाखती, त्यांच्या कामाची बोली, इंग्रजी संज्ञांना त्यांनी आपापसांत दिलेली मराठी-वऱ्हाडी-बंजारा वळणे, आईवडिलांना काम समजावून सांगताना वापरलेले दाखले, हे सारे संकलनाचे विषय आहेत. ग्राहकाचे नाव न घेताही कामाची रीत सांगता येते. जिनमधील रेचा जसा शब्द म्हणून रुळला तसे 'तिकीट' आणि 'बेंच' हेही शब्द रुळलेले आहेत, त्यांना कोशात आणि कथेत यायचे आहे. तांत्रिक शिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली. पण पाठ्यपुस्तकांतील परिभाषा आणि जगलेल्या कामाची भाषा यांत अंतर असते आणि ते भरून काढणे हे साहित्याचे काम आहे.

लोखंडी नांगराबद्दलचा शेतकऱ्याचा अविश्वास दूर झाला त्याला नांगराची उपयुक्तता जितकी कारणीभूत होती तितकेच त्याविषयी त्याच्या भाषेत बोलले गेले हेही कारण होते. तंत्रज्ञान आपले झाले की नाही याची कसोटी ते वापरण्यात जेवढी आहे तेवढीच, ते करणाऱ्याला आपल्या ओसरीवर बसून आपल्या कामाची हकीकत सांगता येते की नाही, यात आहे. या कसोटीवर पाहिले तर यवतमाळच्या अभियंत्याचे काम अजून यवतमाळला पोचलेले नाही.